हलकेपणाचे गणित

ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. आम्ही पडलो शाळामास्तर. आम्हांला धडा तेवढा लिहिता येतो. म्हणून आमच्या एका माजी विद्यार्थ्याने घरी तयार केलेल्या मोटरसायकलीचा धडाच येथे देत आहोत. तो वाचून प्रत्येकाने मोटरसायकल बनवावी असा आमचा आग्रह नाही. परंतु कोणतीही वस्तू बनविण्यास हात घालण्यापूर्वी स्वतःला काय विचारावे, हे त्यातून कळेल अशी आशा आहे.

आम्ही मूळचे धारचे. नोकरीनिमित्त देवासला आलो. धारला लाट मशिदीपाशी एका जुन्या लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मशीद इ. स. १४०५ मध्ये दिलावरखान घोरी याने बांधली आणि ह्या लाटेवरूनच तिला हे नाव पडले. तिन्ही तुकड्यांचे वजन मिळून सुमारे सात टन भरते. तापविलेले लोखंडाचे गोळे एकमेकांवर घणाने ठोकून जुन्या लोहारांनी एवढा स्तंभ उभा केला. वर्गाची सहल तेथे नेली की मुले हमखास विचारतात, "सर, एवढे लोखंड जोडले कसे?"

आज त्याच धार जिल्ह्यात मुले उलटा प्रश्न विचारू लागली आहेत : लोखंड कमी कसे करावे? कारण पीथमपूर आता वाहनांचे गाव झाले आहे. गेल्या चाळीस वर्षांत तेथे स्कूटर, टेम्पो, ट्रक बनले. २०१८ मध्ये जावा मोटरसायकल पुन्हा बाजारात आली, तीही तेथेच बनू लागली. वाहनांच्या कसोटीसाठी बांधलेली ११.३ किलोमीटर लांबीची वर्तुळाकार धाव तेथे २०२१ मध्ये सुरू झाली. २००७ पासून तेथे 'बाहा' नावाची स्पर्धा भरू लागली. तीत पुण्या-मुंबईकडील व देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बनविलेल्या चारचाकी गाड्या चिखलातून व उंचवट्यांवरून पळवितात. आमच्या ह्या विद्यार्थ्याने ती स्पर्धा पाहिली आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरू लागले.

संथ चालीची शर्यत

त्याला चारचाकी नको होती. त्याला 'ट्रायल' जातीची मोटरसायकल हवी होती. हा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही. ह्यात वेगाला किंमत नाही. दगड, चढ, ओहोळ, झाडांची मुळे अशा अडचणीच्या जागी एक अरुंद वाट आखतात आणि स्वाराने ती पाय जमिनीला न टेकता पार करावयाची असते. पाय टेकला नाही तर दंड शून्य. एकदा टेकला तर १, दोनदा २, त्याहून अधिक वेळा ३. आणि गाडी पडली किंवा वाट सुटली तर ५. ज्याचा दंड कमी, तो विजयी. गाडीची चाल बहुधा माणसाच्या चालण्याएवढीच असते आणि स्वार सर्व वेळ उभा असतो.

स्कॉटलंडमध्ये सहा दिवस चालणारी अशी एक प्रसिद्ध स्पर्धा शंभरहून अधिक वर्षे भरत आली आहे. १९५२ व १९५७ मध्ये जॉनी ब्रिटन याने ती रॉयल एनफील्डवर जिंकली. त्या आठवणीखातर त्या कंपनीने २०१९ मध्ये 'ट्रायल्स' नावाची बुलेट आपल्या देशात काढली होती. परंतु आमच्या धड्याला अधिक जवळचा माणूस म्हणजे आयर्लंडचा सॅमी मिलर. त्याच्याजवळ ५०० सी. सी.ची एरियल होती. तिचा एकेक भाग सोडवून त्याने तो हलका केला. जेथे पत्रा होता तेथे काचतंतूचे भाग बसविले. आणि ती अवजड गाडी सुमारे ११० किलोंपर्यंत खाली आणली. पुढे १९६४ च्या अखेरीस त्याने स्पेनच्या बुल्टाको कंपनीला २५० सी. सी.ची त्याहूनही हलकी गाडी तयार करण्यास मदत केली आणि १९६५ मध्ये तीच स्कॉटलंडची स्पर्धा तिच्यावर जिंकली. त्यानंतर अवजड गाड्यांचे दिवस सरले.

आधी काटा

आमचा विद्यार्थी देवासला तंत्रनिकेतनात पदविकेचे शिक्षण घेतो. आपल्याच ट्रस्टची शिष्यवृत्ती त्याला मिळते. एके संध्याकाळी तो घरी आला आणि अडखळत म्हणाला, "सर, शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता आला आहे. फी भरायला अजून महिना आहे. तोवर त्यातून कार्बन फायबरचे कापड आणू का? टाकी, मडगार्ड, सीट, मागचा फोर्क, सगळे त्याचेच करीन म्हणतो. नंतर गाडी विकून पैसे भरीन."

त्याचे वडील वेल्डिंगचे काम करतात. ते म्हणत होते, "लोखंड सोडून धाग्याची गाडी? ह्याला वेड लागले आहे." बापलेकांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते.

आम्ही त्याला नाही म्हटले नाही. एवढेच म्हटले, "अरे, गाडी हलकी करायची ना? मग तिचे वजन कुठे आहे ते आधी दाखव. रद्दीवाल्याचा काटा आण, एकेक भाग तोल आणि वहीत लिही. मग आपण पैशाचे बोलू."

गाडी जुनी होती : १०० सी. सी. वर्गाची दोन स्ट्रोकची, वजन सुमारे १०० किलो. वही आठ दिवसांनी आली. पायांसमोरचा लेग-गार्ड, साडी-गार्ड, मागचे कॅरिअर, मधला स्टँड, मागच्या स्वाराचे पायठेवे, चेनची पेटी, इंडिकेटर, बॅटरी व तिची चौकट ह्यांची बेरीज बारा किलोंच्या वर गेली होती. ट्रायलच्या वाटेवर ह्यांतील एकाही वस्तूचे काम नाही. त्या काढण्यास एक पाना पुरतो. पैसा लागत नाही.

आता पत्र्याच्या मडगार्डांचा हिशेब पाहू. हा हिशेब आठवीच्या मुलास करता येईल. मागचे मडगार्ड ८० सेंटीमीटर लांब व १८ सेंटीमीटर रुंद धरले तर क्षेत्रफळ ०.१४४ चौरस मीटर. पत्रा ०.८ मिलिमीटर जाड आहे. पोलादाची घनता ७.८; म्हणजे अशा पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ६.२ किलो आणि मडगार्डाचे सुमारे ९०० ग्रॅम. त्याच आकाराचे मडगार्ड कार्बनच्या तीन थरांचे केले तर? कापडाचे वजन दर चौरस मीटरला २०० ग्रॅम, तीन थरांचे ६०० ग्रॅम, हाताने काम केल्यास जवळजवळ तितकेच रेझिन बसते, एकूण १.२ किलो. म्हणजे मडगार्ड सुमारे १७५ ग्रॅम. सव्वासातशे ग्रॅम वाचले. पुढचे मडगार्ड, बाजूची झाकणे व सीटचा तळ धरून सर्व मिळून बचत होते जेमतेम अडीच किलो.

मुलगा वहीकडे पाहत राहिला. फुकट जातात ते बारा किलो. फीचे पैसे घालून जातात ते अडीच. शिवाय ह्या कामाला कापड लागते दोन-अडीच चौरस मीटर. तो दहा आणणार होता. फी वेळेवर भरली गेली. कापड त्याने गॅरेजमध्ये सुट्टीचे काम करून मिळविलेल्या पैशांतून आणले.

धागा आणि बांधणी

कार्बन-तंतू म्हणजे काय, हे आता थोडक्यात सांगतो. एडिसनने १८८० च्या सुमारास विजेच्या दिव्यासाठी सूत आणि पुढे बांबूचे तंतू हवेशिवाय जाळून कोळशाचे धागे केले होते. ते ठिसूळ होते. आजचा मजबूत तंतू निराळा. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६० च्या आसपास ॲक्रिलिक जातीच्या धाग्यापासून तो तयार केला आणि काही वर्षांतच इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेने त्याची ताकद पुष्कळ वाढविली. हा धागा प्रथम हवेत दोन-तीनशे अंशांवर शेकतात, मग नायट्रोजन वायूत हजार अंशांच्या वर तापवितात. बाकीचे घटक उडून जातात व कार्बन उरतो. एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाड, म्हणजे केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा. आपल्या 'तेजस' विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग अशा तंतुमिश्रित पदार्थांचा आहे.

तंतू ओढीला जबर असतो, पण सुटा धागा उभा राहू शकत नाही. त्याला जागच्या जागी धरून ठेवणारे रेझिन लागते. आपल्या मोहल्ल्यात ताबूत कसा बांधतात ते आठवा. बांबूच्या कामट्या, कागद आणि खळ. एकटा कागद फाटतो, एकटी कामटी लवते, एकटी खळ वाळून भुगा होते; तिन्ही मिळून दोन पुरुष उंचीचा ताबूत चार माणसांच्या खांद्यांवर निघतो. कार्बनचे काम ह्याच जातीचे आहे. ताबूत बांधणारा कारागीर कामट्या जेथे ओढ पडते त्या दिशेने लावतो. तसेच कापडाचे धागेही ताण ज्या दिशेने येईल त्या दिशेने ठेवावे लागतात. म्हणून एक थर सरळ, दुसरा तिरपा, तिसरा पुन्हा सरळ.

घरातील कारखाना

साच्यासाठी मुलाने आधी थर्मोकोलचा आकार कोरला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोलला विरघळवून टाकते; एपॉक्सी विरघळवीत नाही. म्हणून आकारावर प्लॅस्टरचा लेप दिला, तो घासून गुळगुळीत केला, रंगाने बंद केला, आणि त्यावरून काचतंतूचा साचा काढला. साच्याला मेणाचे पाच-सहा हात दिले. मेणात कसूर झाली तर साचा व वस्तू एकजीव होतात आणि दोन्ही फेकावी लागतात. मग साच्यात कार्बनचा एकेक थर अंथरून ब्रशने रेझिन मुरवावयाचे आणि रोलरने हवेचे बुडबुडे काढावयाचे. कापड भिजले पाहिजे, पोहता कामा नये. जादा रेझिनने ताकद वाढत नाही, वजन वाढते.

पहिले मडगार्ड फसले. गावात फायबरचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला होता की, लवकर वाळावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घाल. त्याचा अनुभव पॉलिएस्टरचा होता. तेथे हार्डनर विरजणासारखा असतो. चमचाभर कमीजास्त झाला तर दही लवकर किंवा उशिरा लागते, एवढेच. एपॉक्सीचे तसे नाही. तेथे रेझिन आणि हार्डनर हे बटण आणि काज आहेत. जितकी बटणे तितकीच काजे हवीत. जादा हार्डनर मोकळाच राहतो आणि वस्तू रबरासारखी मऊ निघते. आमच्या मुलाचे मडगार्ड तिसऱ्या दिवशीही बोटाने वाकत होते. त्याचे तोंड उतरले. आम्ही सांगितले, "सल्ला देणारा खोटे बोलला नाही, त्याचे खरे दुसऱ्या वस्तूचे होते. डब्यावर काय लिहिले आहे ते वाच." दुसऱ्या खेपेस त्याने दोन्ही वस्तू काट्यावर तोलून घेतल्या आणि काम जमले.

आणखी काही सूचना, ज्या मुलांनी व त्यांच्या आईवडिलांनीही वाचाव्यात :

एपॉक्सी कालविल्यावर तापते. मोठ्या मगात भरून ठेवल्यास त्यातून धूर निघू शकतो. म्हणून थोडे थोडे कालवून पसरट भांड्यात घ्यावे. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठभागावर चिकट थर येतो. पुढचा थर देण्यापूर्वी तो साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून घासावा. रेझिन उघड्या हाताने हाताळू नये. एकदा त्वचेला ते सोसेनासे झाले की तो त्रास कायमचा मागे लागतो. घासताना तोंडावर चांगला मास्क असावा, अंगभर कपडे असावेत आणि पाणी लावून घासावे. कार्बनच्या धुळीतून वीज वाहते. ती विजेच्या बोर्डाजवळ किंवा ड्रिलमध्ये जाऊ देऊ नये. ॲल्युमिनियमला कार्बन सरळ भिडवू नये. ओल लागली की ॲल्युमिनियम झिजते. मध्ये काचतंतूचा एक थर किंवा रबर ठेवावे.

दोन गोष्टींना आम्ही ठाम नकार दिला. पहिली, पेट्रोलची टाकी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते पुष्कळ रेझिनांना मऊ करते. घरी केलेल्या टाकीतून पेट्रोल गरम इंजिनावर टपकले तर काय होईल, हे सांगावयास नको. टाकी पत्र्याचीच राहिली. दुसरी, मागचा फोर्क, हॅन्डल व चाके. पोलाद तुटण्यापूर्वी वाकते, म्हणजे सूचना देते. कार्बन बहुधा सूचना देत नाही. आतले थर सुटलेले असले तरी वरून चमक तशीच असते. ज्यावर जीव अवलंबून आहे ती वस्तू घरच्या साच्यात करू नये.

ओहोळातील परीक्षा

एका नातलगाच्या शेतात ओहोळ आहे. मालव्याचा काळा दगड, वर मुरूम. तेथे चुन्याने वाट आखली आणि आम्ही वही घेऊन एका दगडावर बसलो. गाडी मूळ स्थितीत असतानाच मुलाने दहा खेपा केल्या होत्या. त्यांत ५० पैकी ४१ दंड झाला होता.

मग अडगळ काढली. देवासच्या एका टर्नर मिस्त्रींनी मागची चक्री मोठी करून दिली. उदाहरणादाखल, पुढे १४ व मागे ४२ दाते असतील तर चाकाच्या एका फेऱ्याला पुढची चक्री तीन फेरे घेते. पुढे १२ व मागे ५४ केल्यास साडेचार. वेग घटतो, ओढ वाढते. टायरमधली हवा कमी केली. खऱ्या ट्रायल गाडीच्या मागच्या टायरात चार-पाच पौंडच हवा असते, परंतु ट्यूबच्या टायरात इतकी कमी केली तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व फाटतो, म्हणून आम्ही बेतानेच केली. आणि गंमत अशी की एका जागी वजन वाढविले. इंजिनाच्या फ्लायव्हीलला मिस्त्रींनी तोल साधून एक पोलादी कडे बसविले. फ्लायव्हील जड असले की इंजिन मंद चालीत बंद पडत नाही व चाक एकदम घसरत नाही. सारेच वजन शत्रू नसते. जागेवरचे वजन मित्र असते. इंजिनाखाली दगडाचा मार बसू नये म्हणून जी जाड तळपट्टी लागते, ती वडिलांनी स्वतः वेल्ड करून दिली. तीन आठवड्यांत बापलेक प्रथमच एका कामावर वाकलेले आम्ही पाहिले.

पुन्हा दहा खेपा; दंड २३. ह्यानंतर कार्बनचे भाग चढविले, दंड २०. एकवीस गुणांच्या सुधारणेत कार्बनच्या वाट्याला फार तर तीन; आणि त्यांतलेही काही सरावाचे, हे प्रामाणिकपणे मानले पाहिजे. पुढे एकदा गाडी दगडावर आडवी झाली तेव्हा मागच्या मडगार्डाचा कोपराही तडकला. कारखान्यातील ट्रायल गाड्यांना बहुधा लवचिक प्लॅस्टिकची मडगार्डे असतात, त्याचे कारण त्या दिवशी कळले.

मग कार्बनचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे. प्लॅस्टिकच्या मडगार्डासाठी पोलादी डाय व मोठे यंत्र लागते. एका गाडीसाठी ते कोण करील? कार्बन व काचतंतू ह्यांची थोरवी अशी की, एका अंगणात, एका साच्यावर, एक माणूस आपल्या मनातला आकार उतरवू शकतो. तडकलेला कोपराही त्याने घासून, नवा तुकडा चिकटवून, घरीच दुरुस्त केला.

आणखी एक. अशी बदललेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत असा फेरबदल करण्यास मनाई आहे. म्हणून ती टेम्पोत घालून शेतावर नेली जाते आणि डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय तिला किक मारली जात नाही.

हा मुलगा आता पदविकेच्या शेवटच्या वर्षास आहे. मोटरसायकल घराच्या पडवीत उभी असते. पण आमच्या मते त्याची खरी कमाई ती वही आहे. शिष्यवृत्तीचे पैसे त्याच्या हातून जाता जाता वाचले, ते आमच्या उपदेशाने नव्हे, रद्दीवाल्याच्या काट्याने. आम्ही रागावलो असतो तर तो ऐकून घेऊन निघून गेला असता. काट्याशी त्याला भांडता आले नाही.

ट्रस्टच्या पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलाने काही विचित्र बनवावयाचे मनात आणले तर त्याला वेडा म्हणू नका आणि डोळे मिटून पैसेही देऊ नका. त्याच्या हाती काटा द्या, वही द्या आणि त्याच्याजवळ बसा. ट्रस्टला पंचवीस वर्षे झाली. महोत्सवाच्या निधीतून मुलांसाठी एक लहानशी कामाची खोली निघाली, तीत एक चांगला काटा, एक पकडशेगडा, हातमोजे व मास्क ठेवले गेले, तर अशा वह्या आणखी लिहिल्या जातील. पहिल्या रविवारी तेथे येऊन बसण्याचे आम्ही कबूल करतो. मुलाच्या वडिलांना विचारले आहे. वेल्डिंग शिकवावयास तेही येणार आहेत.